फाट्यापासून पुढे

बुलढाणा
मंगळवार, सकाळ

प्रिय दादा,

आधार कशानं मोजतात, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. तू तो हसत विचारला होतास. मी पहिल्यांदा गरोदर बाईला नवऱ्याचा किती आधार मिळतो ते मोजायची ती छापील प्रश्नावली घेऊन घरी आले, तेव्हा तू बाजेवर उताणा पडून मोबाइल बघत होतास आणि नजर न काढता म्हणालास, "काय वं, आधार कायनं मोजतेत? क्विंटलनं का लिटरनं?" आई मेथी निवडता निवडता हसली, दारात बसलेले बाबा हसले, ओट्यापाशी उभी असलेली अनुपमावहिनीसुद्धा हसली. मीही हसले. एम. एस्सी. नर्सिंगला असलेल्या मुलीला, ज्या विषयावर प्रबंध लिहायचा त्यातला पहिलाच प्रश्न आला नाही. आजही येत नाही. फरक एवढाच की तेव्हा मला लाज वाटली होती आणि आज राग आला आहे. तो राग तुझ्यावर आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "बरं बरं, मास्तरीनबाई" म्हणतोस, दुकानात कोणीतरी बसलेलं असतंच, त्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोलतोस, ते हसतात, मग मीही हसते आणि सांगायचं राहून जातं. पत्राला मध्ये तोडता येत नाही. वहिनीबद्दल आहे आणि तिच्या पोटातल्या बाळाबद्दल आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून घडी करून खिशात टाकू नकोस.

पहिली प्रश्नावली मी वहिनीचीच भरली, हे तुला आठवत असेल, कारण ते तू गावभर सांगितलंस. खऱ्या अभ्यासाला निघण्याआधी एक-दोघींवर करून बघायचं असतं, म्हणून मी तिला तिथेच बसवलं. तिला पाचवा महिना होता. तू बाजेवर, आई समोर, बाबा दारात. पती तुमचं म्हणणं ऐकून घेतात का? नेहमी. बरं नसताना घरकामात मदत करतात का? नेहमी. तपासणीसाठी तुम्हाला दवाखान्यात नेतात का? इथे वहिनीनं एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नेतेत ना. दर खेपेले नेतेत." मी 'नेहमी'वर खूण केली. बेरीज झाली तेव्हा तुला पैकीच्या पैकी गुण होते. तू टुणकन उठून बसलास, कागदाचा फोटो काढलास आणि 'बायकोच्या परीक्षेत बोर्डात पहिला' असं लिहून स्टेटसला ठेवलास. संध्याकाळी फाट्यावर तुझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानासमोर तुझ्या दोस्तानं, रामनं, तुला हार घातला म्हणे. मोटार वाइंडिंगच्या तारेचा. मला तेव्हा त्याचंही हसू आलं होतं.

मग मी गावोगाव फिरले. आधी आपला मोताळा तालुका, मग संग्रामपूरकडची गावं. जिथे जाईन तिथे एकच उत्तर. सासू शेजारी तांदूळ निवडते आहे, दीर दारात उभा आहे, आणि बाई म्हणते आहे नेहमी, नेहमी, नेहमी. आमच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, बघ प्रतीक्षा, खेड्यातले नवरे आपण समजतो तसे नाहीत. मलाही ते खरं हवं होतं, दादा. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून मी ज्या कार्यक्रमात जाईन तिथे सांगत सुटायचे की माणसं बदलत आहेत, माझा भाऊच बघा.

संग्रामपूरकडच्या एका वस्तीवर संजीवनी नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची, आठवा महिना. ती भाकरी थापत होती आणि मी प्रश्न पुरा करायच्या आत 'नेहमी' म्हणत होती. मी म्हटलं, अगं, प्रश्न तरी ऐक. तिनं भाकर तव्यावर टाकली, हात झटकला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमी लिवा ना नेहमी. तुमी तं स्कूटीवर बसून चालल्या जासान. मले इथंच रायचं हाय." मग मला चहा दिला. त्या दिवशी मी पुढची घरं केली नाहीत. रस्त्याच्या कडेला गाडी लावून सातपुड्याकडे बघत बसले. पिशवीत तेवढे सगळे पैकीच्या पैकी नवरे होते आणि मला ते कागद तिथेच फेकून द्यावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी कागद बाहेर काढायचंच सोडलं. बाई एकटी सापडेल तिथे, नळावर, गोठ्यात, शेताच्या वाटेवर, फक्त एवढंच विचारायचे: मागच्या तपासणीला कशी गेलीस, उंबऱ्यापासून सांग. तर बायका सांगायला लागल्या. एकीला नवरा गाडीवर नेतो, खरंच नेतो, पण येताना खताचं पोतं आणायचं असतं म्हणून तिला पोत्यावर बसवून आणतो. एकीचा नवरा पुण्याला कंपनीत आहे, रोज फोन करतो, आणि फोन आईजवळ स्पीकरवर असतो. एकीचा नवरा तिचे पाय चेपून देतो. हे सांगताना ती लाजली आणि म्हणाली, पण आधी कडी लावतेत. म्हणजे चांगलं वागायचं तेही आईला दिसू नये म्हणून कडी लावून. आणि या तिघींच्याही कागदावर 'नेहमी'च लिहिलेलं होतं. मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रश्नावली प्रमाणित आहे, आलं ते उत्तर लिहायचं, आपल्या भावना मध्ये आणायच्या नाहीत. त्या रागाची गोष्ट वेगळी. ती त्यांना वेगळी लिहिली आहे.

आपल्या गावात मी झेबाचं, अकरमभाऊंच्या बायकोचं, घर शेवटी ठेवलं होतं. का, ते तुला माहीत आहे. रज्जाकचाचांचा अकरम तुझ्या वर्गात होता, तुमच्या डब्यातली भाजी एक असायची. आता तो ॲपे रिक्षा चालवतो, गावचा भाजीपाला मोताळ्याच्या बाजारात नेतो, आणि फाट्यावर त्याला अकरम म्हणून कोणी हाक मारत नाही. त्याला 'नर्सबाई' म्हणतात. ते नाव तू ठेवलंस. आरोग्य केंद्राच्या बोअरची मोटार जळाली होती, ती काढायला तू आत गेला होतास आणि तिथे अकरम बायकांच्या बाकावर गरोदर झेबाची फाइल मांडीवर घेऊन, पाण्याची बाटली धरून बसला होता. तू फाट्यावर येऊन त्याची नक्कल केलीस, अगदी बाटली कशी धरली होती त्यासकट. मी होळीला घरी आले तेव्हा तीच नक्कल ओसरीवर करून दाखवलीस. सगळे हसून लोटपोट. मी त्या वेळी उठून आत गेले, तुझ्या लक्षात आलं नाही. दादा, मी नर्स आहे. ज्या शब्दानं तू एका माणसाला हिणवतोस तो माझा पेशा आहे. माझा निकाल लागला तेव्हा 'आमची नर्सबाई' म्हणून मला खांद्यावर घ्यायला निघाला होतास तूच. बाईनं केलं तर मान, आणि माणसानं घटकाभर केलं तर शिवी, हे गणित कोणत्या शाळेत शिकलास? तुमची शाळा तर एकच होती.

तर काल सकाळी मी झेबाकडे गेले. अकरमभाऊ तिथेच लसूण सोलत बसले होते. मी म्हटलं, तुम्ही जरा बाहेर जा. झेबा म्हणाली, "बसू द्या दीदी, त्यायलेही कळू द्या आपली पोजिशन." आणि मग तिनं जी सुरुवात केली. घरकामात मदत करतात का? "करतेत ना. कांदा चिरतेत. एका कांद्याचे चार तुकडे, न् म्हनतेत झाला चिरून. लिहा कधीकधी." अकरमभाऊ म्हणाले, अन् पानी कोन भरते? "भरतेत, अर्धी कळशी पायावर सांडतेत, मंग पुसते कोन? अजून कमी करा, दीदी." तुमचं म्हणणं ऐकून घेतात का? "ऐकतेत, पन झोपतेत मधातच." अकरमभाऊ मान खाली घालून लसूण सोलत होते आणि हसत होते. बेरीज केली तर अकरमभाऊंना निम्म्याहून कमी गुण. सगळ्या गावात सगळ्यात कमी.

तुझा कागद पिशवीतच होता. मी तिथेच ओट्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तू पहिला, अकरमभाऊ शेवटचे. आणि मला एकदम इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कारण तेव्हा मला कळलं की माझी मोजपट्टी उलटी लागते. नवऱ्याच्या तोंडावर त्याच्या कांद्याला नावं ठेवता येतात अशी गावात एकच बाई होती, आणि तिचाच नवरा नापास होत होता. ज्या बायकांना नाव ठेवायची सोय नाही त्या पोटभर गुण देऊन मोकळ्या होतात. वहिनीनं तुला एकही गुण कमी दिला नव्हता, दादा. एकही. त्यावर तू हार घालून घेतलास.

निघताना झेबा दारापर्यंत आली. म्हणाली, "अनुपमाभाभीची तब्येत कशी हाय आता? त्या दिवशी पडली तवापासून भेटलीच नाही." मी विचारलं, कधी पडली? झेबानं तोंडावर हात ठेवला. तिला वाटलं होतं आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता मी तुला सांगते ते मला झेबानं सांगितलं, अकरमभाऊंनी सांगितलं, आणि मग मी घरी येऊन वहिनीला विचारलं तेव्हा तिनंही सांगितलं. वहिनी पाठीमागच्या अंगणात पापड वाळत घालत होती. मी तिला कागद दाखवला नाही. म्हटलं, मागच्या तपासणीला कशी गेलीस, उंबऱ्यापासून सांग. ती म्हणाली, "यायनं नेलं ना." मी विचारलं, कुठपर्यंत? तिनं दोन पापड सरळ केले, मग म्हणाली, "फाट्यापावतर."

फाट्यापर्यंत. तू गाडी दुकानासमोर उभी करतोस, शटर वर करतोस, आणि ती खाली उतरते, पदर सारखा करते आणि चालायला लागते. पुढे कापसाच्या जिनिंगची ती लांब भिंत, एक झाड नाही, डांबर तापलेलं, आणि मग कुठे आरोग्य केंद्र. आपण लहानपणी तिथून अनवाणी पळायचो आणि घरी येऊन पाय पाण्यात घालायचो. तुझी गाडी तिथे चालूच असते. किल्लीसुद्धा काढलेली नसते. मी वहिनीला विचारलं, पुढे का नाही नेत? तर ती तुझीच वकिली करायला लागली. "तसं नाही वं ताई. सुरुवातीले एकदा नेलं होतं दवाखान्यापावतर. मंग रामभाऊ म्हने, काय गजूभाऊ, तपासनी तुयी हाय का वहिनीची? तवापासून हे फाट्यावरच थांबतेत. लोक बसतेत ना तिथं." रामचं एक वाक्य. एवढंच पुरलं. ज्या रामला तू स्वतःच्या लग्नात बूट सांभाळायला ठेवलं होतंस, त्याच्या एका वाक्यानं तुझी गाडी त्या रस्त्यावर जायची बंद झाली. आणि वहिनी कागदावर खोटं बोललीच नव्हती. नेतेत ना, दर खेपेले नेतेत.

सातव्या महिन्यात ती अशीच चालत निघाली. भिंतीच्या अर्ध्यात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, ती रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि तिथून खाली पडली. मागून अकरमभाऊंचा ॲपे येत होता. झेबानं उतरून तिला उठवलं, तोंडावर पाणी मारलं, दोघांनी तिला आत बसवून केंद्रात नेलं. तिथल्या सिस्टरनं बी. पी. घेतलं. वाढलेलं होतं. तिनं सांगितलं की हे चांगलं लक्षण नाही, नवऱ्याला घेऊन ये आणि याच आठवड्यात बुलढाण्याला दाखव. वहिनी 'हो' म्हणाली. येताना म्हणाली, मला मागच्या रस्त्यानं सोडा, फाट्यावरून नको. तरी ॲपे फाट्यावरूनच आला, कारण मागचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला होता. तिनं डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि झेबाच्या आडून बसली. तिला घरी सोडून अकरमभाऊ परत फाट्यावर आले. तुला सांगायला आले होते, दादा. ॲपे बंद करून ते तुझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "या नर्सबाई, आज दोन-दोन पेशंट?"

तुला आठवतंय का? मला वाटत नाही आठवत असेल. तुला रोज असलं काहीतरी सुचत असतं. सगळे हसले. राम टेबलावर हात आपटून हसला. अकरमभाऊ पायरीवरूनच वळले आणि निघून गेले. मी त्यांना विचारलं, का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "काय सांगू? गजूच्या बायकोले मी उचलून आनलं, हे त्या लोकायसमोर? भाभीचं नाव मंग रोज निघलं असतं तिथं. मले नर्स म्हना, चालते. भाभीचं नको." तुझ्या बायकोची अब्रू त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळली. तू दोन पेशंट मोजलेस. दुसरी कोण होती, हे मान वळवून पाहिलं नाहीस.

वहिनीनं घरी सांगितलं नाही. कारण तू हसशील, किंवा तुला लोक हसतील, तिला दोन्ही सारखंच. आरोग्य केंद्राची आशाताई तपासणीची आठवण द्यायला घरी आली तेव्हा आईनं तिला सांगितलं, डोहाळजेवन होऊ द्या, मंग पाहू. आणि ते डोहाळजेवण तर मी स्वतः पाहिलं. मोगऱ्याचा झोका, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण, पडद्यावर तुमच्या दोघांचं नाव. फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून तू सगळ्या गावासमोर गुडघ्यावर बसलास आणि तिच्या पोटाला कान लावलास. राम शिट्टी वाजवत होता. तुला लाज वाटली नाही. चार वेळा लावलास, उजेड नीट येत नव्हता म्हणून. आणि त्याच बाईबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसायला तुला लाज वाटते. मला हे कोणीतरी समजावून सांगा.

त्या दिवशी मी तिच्या पायातले फुलांचे तोडे सरळ करायला खाली वाकले आणि बोटानं पाय दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी आईला म्हटलं, हे नीट नाही. आई म्हणाली, "बाप्पा, सुजतेच पाय. तुया वेळी मायेही सुजले होते. आता आखाजीले माहेरी चालली ते, मंग तिचे लोक पाहतीन." मी तुझ्याकडे आले. तू म्हणालास, "पाहुने जाऊ दे, मंग पाहू." पाहुणे गेले आणि तू झोका सोडवायला लागलास. सगळ्यांचं कसं ठरलेलं आहे बघ. बाळंतपण तिच्या माहेरी साखरखेर्ड्याला, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आखाजीपर्यंत, कसंतरी ढकलायचं आणि मग ते त्यांचं. तिच्या वडिलांना वाटतं, नेईपर्यंत जबाबदारी सासरची. सासरला वाटतं, आता काय, माहेरी चाललीच. मधले जे महिने आहेत ते कोणाचेच नाहीत. तेच सगळ्यात जपायचे असतात. हे मी शिकले आहे, दादा. तू मला ज्यासाठी शिकवलंस तेच हे आहे.

आणि हो, शिकवलंस तूच. ते मी विसरले म्हणून रागावले असं समजू नकोस. ते आठवतं म्हणूनच इतका राग आहे. बाबा म्हणत होते, बारावी पुरे, तेव्हा तू त्यांच्याशी भांडलास. इथे बुलढाण्याला प्रवेशाच्या दिवशी सगळ्या मुलींबरोबर त्यांच्या आया होत्या, बाकावर एक तू तेवढा पुरुष. माझी फाइल तुझ्या मांडीवर होती. माझी बाटली तुझ्या हातात होती. दिवसभर बसलास. एका बाईनं विचारलं, कोणाबरोबर आलात, तर तू छाती काढून म्हणालास, बहिणीबरोबर. अकरमभाऊ जसे बसले होते अगदी तसाच बसला होतास तू, आणि तुझी नक्कल कोणी केली नाही. त्या दिवशी तुझ्यावर जग हसलं असतं तरी तू उठला नसतास, हे मी शपथेवर सांगते. मग वहिनीनं काय केलं? बहिणीसाठी बसला तर तो भाऊ, आणि बायकोसाठी बसला तर बायल्या, हे कोणी ठरवलं? फाट्यानं? त्या फाट्यावर बसतं कोण? तू, राम आणि रिकामे चार जण. तुम्ही एकमेकांना भिता आणि त्याची किंमत वहिनी उन्हात चालून देते.

पापड वाळत घालता घालता वहिनी म्हणाली की हल्ली डोकं दुखतं आणि मधेच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. जणू भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी या वेळी यंत्र बरोबर आणलं होतं. तिथेच अंगणात बी. पी. घेतलं, मग पुन्हा घेतलं, मला वाटलं माझंच काही चुकतं आहे. चुकत नव्हतं. आकडा इथे लिहीत नाही, कारण तू तो दुकानात वाचून कोणालातरी 'हे जास्त असते का बे' असं विचारशील. एवढंच समज की अशा बाईला झटके येऊ शकतात, आणि मग आई किंवा बाळ यातलं कोण वाचेल हे विचारायची वेळ येते. मी तुला त्याच मिनिटाला फोन केला. तू म्हणालास, "अर्जंट हाय का? मोटर खोलून ठेवली हाय, गिऱ्हाईक बसलं हाय." मी म्हटलं, वहिनीचं बी. पी. वाढलं आहे, बुलढाण्याला न्यायचं. तू फोन तोंडापासून बाजूला केलास आणि कोणालातरी म्हणालास, "बहीन नर्स झाली ना भाऊ, घरात सगळेच पेशंट दिसतेत तिले." हसण्याचा आवाज आला. मग मला म्हणालास, आखाजी चार दिवसांवर आली, तिकडेच दाखवतील. आणि फोन ठेवलास.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. काल तू संध्याकाळी घरी गेलास तेव्हा आईनं तुला सांगितलं असेल की अनुपमा प्रतीक्षाबरोबर बुलढाण्याला गेली, दोन दिवस राहून येईल. आईला मी तेवढंच सांगितलं होतं. खरं असं आहे की वहिनीला इथल्या दवाखान्यात दाखल केलं आहे. बी. पी. औषधानं थोडं उतरलं आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, पण डॉक्टर म्हणतात की कदाचित दिवस भरायच्या आधीच बाळ बाहेर घ्यावं लागेल. आम्ही अकरमभाऊंच्या ॲपेमधून आलो. फाट्यावर तू दुकानाच्या पायरीवर उभा होतास. तू ओरडलास, "नर्सबाई, आज कुठं?" आणि त्यांनी खरं ते सांगितलं, बुलढाण्याला. आत पडद्यामागे वहिनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तुझा आवाज ऐकून तिनं डोळे उघडले आणि माझा हात दाबला, गप्प राहा म्हणून. मी तिथे गप्प राहिले, ते फक्त तिच्यासाठी. हे पत्र मी गावी परत निघालेल्या अकरमभाऊंच्याच हाती दिलं आहे आणि सांगितलं आहे की सगळे बसलेले असतील तेव्हाच द्या. ते ॲपे चालू ठेवून रस्त्यावर थांबले असतील. यायचं असेल तर त्यांच्या शेजारी पुढे बस, त्या सगळ्यांच्या देखत, आणि आलास तर गेटपाशी उभा राहू नकोस, आत ये, बायकांच्या वॉर्डात पुरुषांना दुपारी सोडतात. नाही आलास तरी तिचं काही अडणार नाही. वहिनीच्या वडिलांना मी आखाजीला न्यायला येऊ नका म्हणून कळवलं आहे. बाळंतपण इथेच होईल आणि पुढे ती माझ्या खोलीवर राहील, हे मी तिला विचारूनच ठरवलं आहे. ती एवढंच म्हणाली, तुझी चटई माझ्याजवळच टाक. दाखल करताना त्यांनी विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे? नवऱ्याच्या जागी तुझं नाव सांगितलं. बरोबर कोण, तिथे माझं सांगून सही केली.

अजूनही तुझीच,
प्रतीक्षा